आधी तळ्याची फेरी, मग होडी: मोठ्या उद्यानात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तळं असलेल्या मोठ्या उद्यानात पहिल्यांदा येणारी मंडळी फाटकातून आत शिरताच बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: "होड्या कुठे आहेत?" मग रांगेत तासभर तिष्ठणं, अर्धा तास पाण्यावर, आणि धक्क्यावर परत येईपर्यंत मुलं कंटाळलेली, मोठी माणसं दमलेली. तळ्याच्या पलीकडच्या काठावर काय होतं, ते कुणी पाहिलेलंच नसतं.

मी अशा उद्यानांत बरीच वर्षं फिरते आहे. पाहुण्यांना, नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्यांना, भाचरांना घेऊन जाते. त्यातून एक क्रम माझ्यापुरता पक्का झालाय: आधी तळ्याला पायी एक पूर्ण फेरी, आणि होडी, सायकल, खेळ हे सगळं त्यानंतर. फेरीत कळतं की सावली कुठे आहे, पाणी कुठे खोल आहे, पक्षी कुठे बसतात, स्वच्छतागृह किती लांब आहे आणि होडीची रांग केव्हा कमी होते. पुढचं सगळं याच क्रमाने सांगते.

घरून निघण्याआधी

वेळ ठरवणं हे पहिलं काम. शक्य असेल तर सकाळी लवकर जा. गर्दी कमी असते हे खरंच, पण त्याहून मोठं कारण वाऱ्याचं आहे. रात्री जमीन थंड होते, जमिनीलगतची हवा शांत राहते, त्यामुळे पहाटेपासून सकाळच्या पहिल्या काही तासांत तळ्याचं पाणी बहुधा आरशासारखं असतं. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वरखाली हलू लागते, वरचा वारा खाली उतरतो आणि दुपारपर्यंत पाण्यावर लाटा उठतात. हलकी पॅडल बोट अशा वाऱ्यात वाहवत जाते. झाडांची प्रतिबिंबं बघायची असोत, फोटो काढायचे असोत किंवा आयुष्यात पहिल्यांदा वल्हं हातात घ्यायचं असो, सकाळसारखी वेळ नाही.

सकाळ जमत नसेल तर उन्हं कलल्यावर जा, पण मग होड्या किती वाजता बंद होतात ते आधी बघून ठेवा. पुष्कळ ठिकाणी उद्यान उशिरापर्यंत उघडं असतं आणि नौकाविहार मात्र सूर्यास्ताच्या बराच आधी थांबवतात. साप्ताहिक सुट्टी, सायकल आत नेता येते का, कुत्र्याला परवानगी आहे का, ड्रोन चालतो का, हेही आदल्या दिवशी पाहून घ्या. फाटकावर जाऊन परत फिरावं लागलं की लहान मुलांची समजूत काढणं फार कठीण जातं.

सामान कमीत कमी घ्या. प्रत्येकाची पाण्याची बाटली, टोपी, पायात मागून बंद असलेले बूट किंवा पट्ट्याच्या सॅंडल, मुलांचा एक कोरडा कपड्यांचा जोड, नेहमीची औषधं, आणि कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी. सपाता नकोत. होडीत चढताना ओल्या फळीवर त्या हमखास सरकतात. मोबाइल पाण्यापासून वाचवायला झिप लावलेली जाड प्लास्टिकची पिशवी पुरते, फक्त ती दोरीने गळ्यात किंवा मनगटाला अडकवलेली असू द्या.

दुर्बीण असेल तर जरूर घ्या. नवी घ्यायचा विचार असेल तर तिच्यावर 8x42 असं काही लिहिलेलं दिसेल. पहिला आकडा म्हणजे वस्तू कितीपट मोठी दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पट म्हणजे जास्त चांगली, असं नसतं. दहा-बारा पटीला हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते आणि नवख्याला पक्षी चौकटीत सापडतच नाही. तळ्यासाठी आठ पट उत्तम.

फाटकात शिरल्यावर

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं एका जागी उभं राहून घालवा. नकाशाचा फलक असेल तर त्याचा फोटो काढा. त्यावर चार गोष्टी शोधा: तुम्ही आत आलात ते फाटक, स्वच्छतागृह, होडीचा धक्का आणि बाहेर पडायचं दुसरं फाटक. मोठ्या उद्यानांची फाटकं एकसारखी दिसतात आणि संध्याकाळी परतताना माणसं चुकीच्या फाटकातून बाहेर पडून गाडी शोधत बसतात. म्हणून फाटकाचं नाव किंवा क्रमांक मोठ्याने म्हणून घ्या, मुलांकडूनही म्हणवून घ्या.

मुलं सोबत असतील तर इथेच त्यांचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत, डोक्यापासून पायापर्यंत. चुकामूक झालीच तर "निळा शर्ट होता की हिरवा" यात वेळ जात नाही, रक्षकाला थेट फोटो दाखवता येतो. लहान मुलाच्या हातावर आतल्या बाजूला पेनाने फोन नंबर लिहा. आणि भेटायची जागा ठरवताना "तळ्याजवळ" असं ठरवू नका. तळं चारही बाजूंनी तळ्याजवळच असतं! घड्याळाचा मनोरा, पुतळा, तिकीट खिडकी, असं काहीतरी एकमेव हवं.

हरवलेलं मूल शोधताना सगळ्यात आधी पाण्याच्या बाजूला धावा. खेळाची जागा, फुगेवाले वगैरे नंतर. तिथे मूल असेल तर ते पाच मिनिटांनीही तिथेच असेल. पाण्याच्या काठी पाच मिनिटं हा फार मोठा वेळ आहे.

तळ्याची फेरी

फेरीला किती वेळ लागेल, याचा अंदाज आधी बांधता येतो. 8 हेक्टरचं तळं जर बरोबर गोल असेल तर त्याचा घेर साधारण 1 किलोमीटर भरतो. पण उद्यानातली तळी गोल नसतात. त्यांना मुद्दाम वळणं, खाड्या, छोटी बेटं दिलेली असतात, त्यामुळे काठाकाठाने चालायचं अंतर दीडपट-दुप्पटही होतं. मोठं माणूस तासाला चार ते पाच किलोमीटर चालतं. सोबत मुलं किंवा वयस्क असतील तर निम्मा वेग धरा, आणि थांबायचा वेळ वेगळा.

ही वळणं आली कुठून, याची गोष्ट मला फार आवडते. लंडनच्या हाइड पार्कमधलं सर्पेंटाइन तळं 1730 च्या सुमारास राणी कॅरोलाइनच्या इच्छेनुसार तयार होऊ लागलं. वेस्टबोर्न नावाच्या ओढ्याला बांध घालून ते अडवलेलं आहे. त्याआधी राजेरजवाड्यांच्या बागांमधली तळी पट्टीने आखल्यासारखी सरळ, चौकोनी असायची. हे तळं नैसर्गिक वाटावं अशा बेताने केलेल्या सुरुवातीच्या तळ्यांपैकी एक. पुढे 1847 मध्ये इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेडला जोसेफ पॅक्स्टन या उद्यानरचनाकाराने आखलेलं सार्वजनिक उद्यान सुरू झालं. तिथे तळी खोदताना निघालेली माती वापरून टेकाडं उभी केली. 1850 मध्ये ते उद्यान फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या अमेरिकन माणसाने पाहिलं, आणि 1858 मध्ये त्याचा आणि त्याचा जोडीदार वास्तुकार कॅल्व्हर्ट व्हॉक्सचा आराखडा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी निवडला गेला. तिथलं मोठं तळंही दलदलीच्या जागी माणसाने केलेलं आहे.

हे सांगायचं कारण असं, की तुमच्या समोरचं तळंही बहुधा कुणीतरी बांधलेलंच असेल, आणि बांधलेलं तळं वाचता येतं. फेरी मारताना काठाचा असा एक भाग शोधा जो सरळ आहे, जरा उंच आहे आणि ज्याच्या पलीकडे जमीन खाली उतरते. तो बांध. तिथेच कुठेतरी जादा पाणी बाहेर पडायचा सांडवा असतो, कधी जाळी लावलेली मोरी असते. बांधाच्या बाजूला पाणी सगळ्यात खोल. तिथून तळ्याच्या बरोबर उलट टोकाला, जिथे ओढा किंवा नाला आत येतो, तिथे पाणी उथळ. वाहत्या पाण्यासोबत आलेला गाळ तिथे बसतो, त्यात लव्हाळी आणि पाणकणसं उगवतात, त्यांत किडे, बेडूक, छोटे मासे राहतात, आणि त्यांच्यामागे पक्षी येतात. एवढं एक कळलं की निम्मं उद्यान कळलं. पक्षी बघायचे तर पाणी आत येतं त्या बाजूला जा, मोकळं पाणी आणि सूर्यास्त बघायचा तर बांधावर.

फेरीतच आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरून घ्या: काठावर लाल-पांढऱ्या रंगाची तरंगती कडी कुठे टांगली आहेत. कुणी पाण्यात पडलं तर ती शोधायला तेव्हा वेळ नसतो.

चालण्याची वाट आणि सायकलची वाट वेगळी असेल तर आपल्या वाटेवरच राहा. एकच असेल तर आडवी रांग करून चालू नका. मागून घंटी वाजली की नवखी माणसं गोंधळून दोन्ही बाजूंना उड्या मारतात, आणि सायकलवाला नेमका त्यांच्यावरच येतो. घंटी ऐकली तर आपल्या बाजूला सरळ चालत राहायचं.

वयस्क मंडळी सोबत असतील तर बाकं मोजा. एका बाकापासून पुढचं बाक दिसतंय तोवर त्यांना चालायला हुरूप येतो, दिसेनासं झालं की ती मंडळी फिरायला नको म्हणतात. चाकाची खुर्ची असेल तर बांधावर चढणारी वाट पायऱ्यांची आहे की उताराची, हे आधी एकाने पुढे जाऊन बघून यावं.

पक्षी, आणि पाव टाकायचा का

पाण्यावर तरंगणारे सगळे पक्षी लोकांना "बदकं" दिसतात. पहिल्याच भेटीत त्यांचे दोन गट पाडता आले तरी खूप. एक गट पाण्यावरच राहून शेपूट वर आणि डोकं खाली करून खातो. तळाशी चोच पोचेल इतकंच पाणी त्याला चालतं, म्हणून तो उथळ भागात दिसतो. दुसरा गट अख्खा बुडी मारतो आणि भलत्याच ठिकाणी वर येतो. टिबुकली हा चिमुकला पक्षी बुडाला की मनातल्या मनात आकडे मोजा आणि तो कुठे वर येईल ते ओळखायचा प्रयत्न करा. मुलांना या खेळात अर्धा तासही कमी पडतो. पाणकावळा पंख पसरून खांबावर बसलेला दिसेल. त्याची पिसं पाण्यात भिजतात म्हणून बुडी मारायला सोपं जातं, आणि म्हणूनच बाहेर आल्यावर ती वाळवावी लागतात.

किती जवळ जायचं, हे पक्षीच सांगतो. तो खाणं थांबवून मान ताठ करून बघू लागला की आपण एक पाऊल जास्त पुढे आलो. तिथेच थांबा, किंवा मागे व्हा. पिल्लं किंवा घरटं दिसलं तर लांबूनच बघून पुढे जा. हंस आणि गूझ (बदकाहून मोठा, लांब मानेचा पाणपक्षी) पिल्लं सोबत असताना मान लांब करून फिसकारतात, आणि तरी माणूस सरकला नाही तर अंगावर येतात.

पाव, बिस्किटं, कुरमुरे पाण्यात टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पक्ष्यांचं पोट त्याने भरतं, पण वाढीला लागतं ते त्यातून मिळत नाही. आणि जे खाल्लं जात नाही ते तळाशी जाऊन कुजतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो, आणि त्यातून सुटलेल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ माजतं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं हे खरं, पण रात्री तेही इतर सगळ्यांसारखा प्राणवायू वापरतं. म्हणून पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी होतो तो पहाटे. उन्हाळ्याच्या एखाद्या पहाटे तळ्यावर गेलात आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले, तर ते खेळत नसतात, गुदमरत असतात. मी ते एकदा पाहिलं आहे. सगळा काठ त्या बारीक "पच पच" आवाजाने भरला होता. उद्यानात कुणी अधिकृतपणे दाणे विकत असेल आणि खायला घालायची जागा नेमून दिलेली असेल, तर तिथे, तेवढेच घाला.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा किंवा वाटाण्याच्या सारासारखा थर दिसला तर मुलांना आणि कुत्र्यांना त्या पाण्यापासून लांब ठेवा. ते नीलहरित शेवाळ असू शकतं, आणि त्याच्या काही प्रकारांत विष तयार होतं. नुसतं बघून विषारी कोणतं ते ओळखता येत नाही. कुत्रं अशा पाण्यात उतरलंच तर त्याने अंग चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा.

आता होडी

फेरी झाली, वाऱ्याची दिशा कळली, रांगेचा अंदाज आला. आता धक्क्यावर जा.

पहिलं काम लाइफ जॅकेट. पोहता येतं म्हणून नको, असं म्हणू नका. पोहता येणारा माणूसही डोक्याला होडीची कड लागून पडला तर पोहू शकत नाही. जॅकेट घालून सगळ्या क्लिपा लावा, पट्टे ओढा, मग दुसऱ्याला खांद्यांवरच्या भागाला धरून वर खेचायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत वर आलं तर ते मोठं आहे किंवा सैल आहे. एकदा घाईघाईत मी भाच्याला मिळेल ते जॅकेट चढवलं आणि होडीत बसवलं. तो बसल्याबरोबर जॅकेट वर सरकलं आणि नाकापर्यंत आलं. "आत्या, मला काहीच दिसत नाहीये," एवढंच तो आतून म्हणाला. होडी अजून धक्क्याला दोरीने बांधलेली होती म्हणून बरं. पाण्यात पडला असता तर जॅकेट वर राहिलं असतं आणि मूल खालून निसटलं असतं. तेव्हापासून मी प्रत्येकाचे खांदे ओढून बघितल्याशिवाय कुणाला फळीवर पाऊल टाकू देत नाही. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो लोंबत ठेवू नका, लावा.

होडीत चढताना एकेकाने चढायचं, वाकून, आणि पाऊल थेट होडीच्या मध्यावर टाकायचं. कडेवर पाय दिला की होडी तिकडे कलते. एक पाय धक्क्यावर आणि एक होडीत ठेवून विचार करत उभं राहू नका. होडी हळूहळू लांब सरकते आणि माणूस मध्ये पडतो. हात मोकळे हवेत, पिशवी आधी आत द्या. बसल्यावर वजन दोन्ही बाजूंना सारखं करा. पाण्यावर असताना जागा बदलायची नाही, फोटोसाठी उभं राहायचं नाही. उलटलेल्या होड्यांची बहुतेक कारणं या दोनांतच असतात.

पॅडल बोट सोपी असते, पायाने चालवायची आणि मधल्या दांड्याने वळवायची. वल्ह्याच्या होडीत मात्र नवखा माणूस गोंधळतो, कारण वल्हवणारा पाठमोरा बसतो: जायचं असतं ते त्याच्या पाठीकडे. उपाय साधा आहे. निघाल्यावर समोर दिसणारं, म्हणजे होडीच्या मागच्या बाजूचं, एखादं झाड किंवा खांब निवडा. तो होडीच्या मागच्या टोकाच्या बरोबर रेषेत राहिला तर तुम्ही सरळ चाललात. तो उजवीकडे सरकला तर होडी वळते आहे, मग एका वल्ह्यावर जरा जोर वाढवा. वल्हं खोल खुपसू नका, पातं जेमतेम बुडेल एवढंच. हातांनी ओढायच्या ऐवजी पाय पुढच्या फळीला टेकवून, पाठ सरळ ठेवून मागे रेला. दहा मिनिटांत लय सापडते. आणि मधूनमधून मान वळवून पुढे काय आहे ते बघा.

वाऱ्याचा नियम लक्षात ठेवा: निघताना वाऱ्याच्या विरुद्ध, परतताना वाऱ्यासोबत. नवखे याच्या उलट करतात. धक्क्यावरून सुटल्यावर वारा पाठीशी असला की होडी मजेत पळते, तळ्याच्या पार टोकाला पोचते, आणि परतायच्या वेळी पाय दुखतात, वेळ संपते, होडी जागची हलत नाही. परतीसाठी निम्म्याहून थोडा जास्त वेळ राखून ठेवा. सांडवा, कारंजं, बेटाच्या भोवतीची लव्हाळी आणि पोहणाऱ्यांसाठी दोरीने आखलेला भाग, यांच्यापासून लांब राहा.

होडी उलटलीच तर होडीला धरून राहा. काठ कितीही जवळ वाटला तरी पोहत निघू नका. पालथी होडीही तरंगते, आणि माणसापेक्षा ती लांबून दिसते. उन्हाळ्यातसुद्धा खोल पाणी वाटतं त्याहून गार असतं, कारण पाणी हवेच्या मानाने फार सावकाश तापतं. गार पाण्यात अचानक पडलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि धाप लागते. हा धक्का एक ते तीन मिनिटांत ओसरतो. तोवर हातपाय न झाडता मान मागे टाकून, तोंड पाण्यावर ठेवून उताणं तरंगत राहायचं, मग मदतीला हाक मारायची.

दुसरं कुणी बुडताना दिसलं तर आपण उडी मारायची नाही. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याच्या अंगावर चढतो, आणि वाचवायला गेलेलाही बुडतो. ओरडून लोकांना बोलवा, जीवरक्षकाला किंवा आपत्कालीन क्रमांकाला फोन करायला एकाचं नाव घेऊन सांगा, आणि तरंगतं कडं, दोरी, लांब काठी, ओढणी, जे मिळेल ते काठावर आडवं झोपून त्याच्याकडे द्या. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, हे मुद्दाम सांगते. त्याला श्वासच पुरत नसतो. डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, आणि शिडी चढल्यासारखे हात खाली दाबणं, इतकंच दिसतं.

खेळ, सायकल आणि बाकीचं

मुलांच्या घसरगुंडीला आधी आपल्या हाताची मागची बाजू लावून बघा. धातूची असो वा प्लास्टिकची, उन्हात ती पोळण्याइतकी तापते. लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून खाली येऊ नका. हे प्रेमानेच केलं जातं, पण मुलाचा बूट कडेला अडकला तर मोठ्या माणसाचं वजन थांबत नाही आणि मुलाची नडगी मोडते. मूल एकटं घसरू शकत नसेल तर त्याच्यासाठी ती घसरगुंडी अजून मोठी आहे. गळ्यातल्या दोऱ्या, ओढण्या, टोपीच्या नाड्या खेळताना काढून ठेवा.

भाड्याची सायकल घेताना दोन्ही ब्रेक दाबून, सायकल पुढे ढकलून बघा. सीटची उंची अशी हवी की बसून पाय सरळ खाली केल्यावर टाच खालच्या पॅडलला जेमतेम टेकेल. नवखी माणसं सीट फार खाली ठेवतात आणि गुडघे दुखले की उद्यानाला दोष देतात. मासेमारीला बहुतेक ठिकाणी परवाना किंवा नेमून दिलेली जागा लागते, आधी विचारा. मैदानातले व्यायामाचे सांगाडे मोठ्यांसाठी आहेत, मुलांची बोटं त्यात अडकतात.

आभाळ भरून आलं तर

तळं म्हणजे मोकळी, सपाट जागा, आणि पाण्यावरचा माणूस तिथला उंच बिंदू. वीज चमकली की आकडे मोजायला लागा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत पडते आहे. ताबडतोब काठाला या आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. एकट्या झाडाखाली नाही, उघड्या छत्रीवजा मंडपातही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं जाईपर्यंत पाण्यावर परतायचं नाही. पाऊस थांबला म्हणून धोका टळला असं नसतं.

उन्हाचं मोजमाप सावलीवरून करा. आपली सावली आपल्या उंचीहून लहान झाली की ऊन कडक आहे, तेवढ्या वेळात झाडांत राहा. होडीत टोपी असली तरी पाण्यावरून परावर्तित झालेलं ऊन खालून चेहऱ्यावर येतं, हनुवटी आणि मान भाजते.

परतताना

बंद व्हायच्या वेळेआधी अर्धा तास निघायला सुरुवात करा. मोठ्या उद्यानात फाटकापर्यंत पोचायलाच वीस मिनिटं लागतात. जॅकेट, सायकल परत करा आणि अनामत रक्कम भरली असेल तर ती आठवणीने मागून घ्या. बसलेल्या जागेवर एकदा मागे वळून बघा: बाटलीची झाकणं आणि मासेमारीच्या दोरीचे तुकडे हातोहात उचला. ती दोरी पक्ष्यांच्या पायाला गुंडाळली की ते उडू शकत नाहीत.

दुसऱ्यांदा जाल तेव्हा दुसऱ्या फाटकातून शिरा आणि फेरी उलट दिशेने मारा. पहिल्या वेळी ऊन डोळ्यांवर होतं म्हणून नुसत्या काळ्या आकृत्या दिसलेल्या पाणकणसांत, ऊन पाठीशी आल्यावर, राखी बगळा उभा असलेला दिसेल. तो तासन्तास हलत नाही, म्हणून जवळच्या बाकावर बसा आणि दुर्बीण त्याच्या चोचीवर ठेवा.